दिवस गेलेत आणि बागेत काम आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाला फळ धरायची छाटणी, जवळ आली की नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, हरसूलकडून टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. त्यात नव्यानं लग्न झालेल्या पोरी खूप असतात. मी उपकेंद्रात परिचारिका आहे आणि माझी आईही बागेतच मजुरी करायची. खालचे प्रश्न या बायांनी, त्यांच्या नवऱ्यांनी, मुकादमांनी आणि काही बागायतदारांनी मला विचारलेले आहेत. कांदा लावणाऱ्या, टोमॅटो तोडणाऱ्या, भाताची आवणी करणाऱ्या बायांनाही यातलं बरंच लागू पडेल.

दिवस गेलेत. आता काम सोडायलाच हवं का?

तब्येत ठीक असेल तर नाही. चालणं, उभ्यानं हलकं काम करणं, हात चालवणं यानं गर्भ पडत नाही. काम सोडा असं सांगणं आम्हाला सोपं असतं, पण रोज बुडला की किराणा बुडतो आणि मग तिचंच जेवण कमी होतं, हे मी घराघरांत पाहिलं आहे. म्हणून मी विचारते ते एवढंच की कोणतं काम सोडायचं आणि कोणतं धरायचं.

काही बायांना मात्र खरोखरच घरी थांबावं लागतं. अंगावरून रक्त जातंय, वार (प्लेसेंटा) खाली आहे, जुळं आहे, बीपी वाढलंय, आधीचं बाळंतपण दिवस भरायच्या आत झालंय, पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलंय, अशा वेळी डॉक्टर म्हणतील तेच ऐकायचं. तिथं मुकादमाचं, सासूचं किंवा माझंही मत चालत नाही.

कोणतं काम पहिल्या दिवसापासून बंद?

औषधाचं. फवारणी, औषध कालवणं, टाकी-पंप धुणं, फवारणीचा ब्लोअर चालू असताना शेजारच्या ओळीत काम करणं आणि छाटणीनंतर वेलीच्या काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावणं.

पेस्टबद्दल जरा जास्त सांगते, कारण ते काम साधं समजलं जातं. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर लगेच हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण काडीला लावतात. हे औषध कातडी भाजतं आणि कातडीतून आत शिरतं. ते हाताळल्याच्या आसपास दारू घेतली तर माणूस लालबुंद होतो, धाप लागते, छाती धडधडते. पुरुषांनाही हे आधी सांगायला हवं. युरोपात हे रसायन गर्भाला बाधक असल्याचा संशय असलेल्या रसायनांच्या यादीत आहे. स्पंज आणि डबा घेऊन सावकाश करायचं काम म्हणून ते बायांना देतात. पोटुशी बाईनं ते हातात घेऊ नये, हातमोजे असले तरी.

डब्यावर हिरवा त्रिकोण आहे. मग ते औषध चालेल ना?

नाही. त्रिकोणाचा रंग सांगतो की औषध पोटात गेलं किंवा अंगावर पडलं तर माणसाला लगेच किती विषबाधा होईल. सगळ्यांत जहाल लाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पोटातल्या बाळावर काय होईल ते हा रंग सांगत नाही. बुरशीसाठी वापरली जाणारी कार्बेंडाझिम आणि मॅन्कोझेब ही औषधं लाल त्रिकोणात बसत नाहीत, तरीही जनावरांवरच्या चाचण्यांत त्यांनी गर्भाला इजा केल्याचं दिसलं आहे आणि युरोपानं दोन्हींना गर्भासाठी घातक ठरवलं आहे. डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांच्या दिवसांत बागेत फवारणीवर फवारणी चालू असते. म्हणून रंग बघत बसू नका, लांब राहा.

फवारणी काल झाली. आज सकाळी बागेत गेलं तर?

पोटुशी बाईनं निदान दोन दिवस त्या प्लॉटमध्ये जाऊ नये. मालकाचे सहसा दोन-तीन प्लॉट असतात, तिला दुसऱ्यात पाठवता येतं.

आणि दहिवराचं लक्षात ठेवा. निफाडची थंडी आपल्याला माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत पानं पहाटे निथळत असतात. पानावर बसलेलं औषध त्या दहिवरात विरघळतं आणि पदर, बाह्या, डोक्याचा रुमाल त्यात भिजतो. ओलं कापड दुपारपर्यंत अंगावरच वाळतं, म्हणजे कातडीवर औषधाची घडी ठेवल्यासारखंच झालं. दहिवर उडाल्यावर आत शिरा. वरून जुना फुल शर्ट घाला आणि घरी आल्यावर तो सगळ्यांच्या कपड्यांत न टाकता वेगळा धुवा. बाळाच्या दुपट्यांसोबत तर कधीच नाही.

डिपिंग करू का?

डिपिंग म्हणजे घड मग्यातल्या द्रावणात बुडवणं. त्यात नुसतं जीए, म्हणजे मणी वाढवायचं संजीवक, असेल तर ते फारसं विषारी नाही. पण मग्यात बऱ्याचदा जीएसोबत आणखी काहीतरी कालवलेलं असतं. काय कालवलंय ते सुपरवायझरला विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्या दिवशी थिनिंग (घडातले जादा मणी काढणं) किंवा फेल (नको असलेली फूट) काढणं मागून घ्या.

करावंच लागलं तर कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला आणि त्यांची कड बाहेरून दुमडा. मगा वर धरला की पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळतं, कड दुमडलेली असेल तर ते तिथंच अडतं. कापडी मोजे नकोत, ते द्रावण धरून ठेवतात.

मान वर करून थिनिंग केलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. हे का होतं?

तीन गोष्टी एकत्र येतात. पोटुशीपणात, खासकरून मधल्या महिन्यांत, बीपी तसंही थोडं उतरतं. एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. त्यात हात डोक्याच्या वर आणि मान मागे. वर पहाटे नुसता चहा पिऊन निघालेलं असलं तर चक्कर येणारच.

भाकरी खाऊन निघा. अर्ध्या तासानं हात खाली घ्या, चार पावलं चाला, ओळीच्या टोकाशी बसून पाय लांब करा. मांडव उंच असेल तर क्रेटवर उभं राहू नका. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर पोटाचा भार पुढं येतो आणि तोल फसवतो. अंधारी आली तर कात्री टाकून आहे तिथंच खाली बसा आणि डाव्या कुशीवर आडवं व्हा. असं दोनदा झालं तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. ११ च्या खाली म्हणजे पंडुरोग, अंगात रक्त कमी, आणि आमच्याकडं येणाऱ्यांत तो फार असतो.

भरलेलं क्रेट उचलायचं का?

नाही. द्राक्षाचं भरलेलं क्रेट २० किलोच्या घरात जातं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेनं गरोदर बायांसाठी वजनाची मर्यादा सांगितली आहे. सगळं सोयीचं असताना, म्हणजे वजन अंगाजवळ धरून, कमरेच्या उंचीवरून, कधीमधी उचलायचं असेल तर पहिल्या २० आठवड्यांत १६ किलो आणि त्यानंतर १२ किलो. दिवसभर परत परत उचलायचं असेल तर आधी ८ आणि नंतर ६ किलो. जमिनीवरून वाकून उचलायचं असेल तर हे आकडेही जास्तच आहेत. तोडणीत बाईनं घड कापावा आणि क्रेटमध्ये ठेवावा, वाहायचं दुसऱ्यानं. कांद्याच्या गोणीला तर हातच लावू नका. डोक्यावरच्या हंड्याचंही तेच, भरलेल्या हंड्याचं वजन कुणी मोजत नाही एवढंच.

सासूबाई म्हणतात, कष्ट केले की बाळंतपण सोपं होतं. त्यांनी नवव्या महिन्यात आवणी केली होती.

त्यांनी केली हे खरं आहे आणि त्यांच्या कष्टाला मी मान देते. हिंडतं-फिरतं राहिल्यानं अंग मोकळं राहतं, इथपर्यंत त्यांचं बरोबर. पण ओझं, ऊन आणि उपाशीपोटी उभं राहणं यानं बाळंतपण सोपं होत नाही. त्यानं बाळ हलकं होतं आणि कधी कधी लवकर येतं. सासूबाईंना त्यांच्या जाऊबाईंबद्दल, बहिणीबद्दलही विचारा. किती बाळं झाली आणि किती जगली. मी घरी बसून हे विचारते तेव्हा त्या स्वतःच गप्प होतात आणि मग सुनेच्या ताटात भाकरी वाढते.

बाळ मोठं होऊ नये म्हणून कमी खा, असंही सांगतात. ते अजिबात ऐकू नका.

बागेत संडास नाही, म्हणून मी पाणीच कमी पिते. चालेल का?

हाच प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि हाच सगळ्यांत कमी विचारला जातो. मी तपासताना “लघवीला किती वेळा जाता?” असं विचारते, तेव्हा बाया खाली बघतात. सकाळी सहाला पिकअपमध्ये बसलेली बाई संध्याकाळी सहापर्यंत एकदाही गेलेली नसते. पुरुष बांधावर जातात. बाईला आडोसा लागतो, आणि पानगळीनंतर छाटलेल्या बागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार दिसतं. मग ती तहान मारते.

पोटुशीपणात लघवीची वाट तशीही सैलावते आणि लघवी तुंबते. त्यात पाणी कमी आणि धरून ठेवणं. यातून संसर्ग होतो, तो मूत्रपिंडापर्यंत चढतो, ताप येतो आणि दिवस भरायच्या आत कळा सुरू होऊ शकतात. माझी आई धाकट्या भावाच्या वेळी एका मोठ्या बागेवर होती. घराशेजारी पक्का संडास होता, पण मजुरांसाठी त्याला कुलूप असायचं. सातव्या महिन्यात तिला हुडहुडी भरून ताप आला, डॉक्टरांनी लघवीतला संसर्ग सांगितला आणि दोन दिवसांत ती बाळंत झाली. भाऊ नऊ दिवस जगला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

तर पाणी प्या. थोडं थोडं, दिवसभरात तीन लिटरच्या आसपास, उन्हात त्याहून जास्त. आपली बाटली घरून भरून आणा, ठिबकच्या किंवा फवारणीच्या टाकीचं पाणी पिऊ नका, तिथंच औषध कालवतात. दोन-तीन तासांनी दोघी-तिघी मिळून जा, एकीनं साडी धरली की आडोसा होतो. जळजळ, सारखी लागणं, ओटीपोट दुखणं, थंडी वाजून ताप, यातलं काहीही झालं की लघवी तपासा. गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या मिळतात आणि त्या पूर्ण घ्यायच्या.

एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी (द्राक्षं निघाल्यावरची छाटणी) आणि कांदा काढणी असते. तेव्हा?

सकाळी लवकर जाऊन अकरा-साडेअकरापर्यंत थांबा, उरलेलं चार नंतर. काढलेल्या कांद्याची पात सावलीत बसून कापता येते, ते काम मागून घ्या. पहिल्या दोन महिन्यांत अंगाचं तापमान ३९ अंश सेल्सियसच्या वर गेलं तर बाळाच्या मेंदू-मणक्याच्या घडणीला धोका असतो. नंतरच्या महिन्यांत ऊन लागलं तर कळा लवकर येऊ शकतात. डोकं ठणकणं, मळमळ, घाम थांबणं किंवा बरळणं दिसलं तर सावलीत नेऊन अंगावर ओलं कापड फिरवा आणि गाडी बोलवा. ताक, लिंबू-साखर-मीठ पाणी चांगलं. बीपी वाढलेलं असेल तर मीठ डॉक्टरांना विचारून.

तोडणीत वेलीवरची द्राक्षं खाल्ली तर?

द्राक्षं खायला काहीच हरकत नाही, न धुता खाऊ नका. आणि औषधाच्या हातानं भाकरी नको, आधी साबणानं हात धुवा.

पिकअपमधून जाणं धोक्याचं आहे का?

हो. उभ्यानं, मागच्या फळीला टेकून जाणं तर फारच. पोटुशी बाईला ड्रायव्हरशेजारी बसवा. तिथं पट्टा असेल तर खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांडीच्या वरच्या हाडावरून घ्यायचा. गाडी उलटली, आदळली किंवा पोटाला मार लागला तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी तपासणी. वार सुटली तर ती बाहेरून दिसत नाही.

लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं आणि मळमळतं. बंद करू का?

बंद करू नका. काळं होणं म्हणजे गोळीचाच रंग, त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहासोबत नको आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको, दोन्हींमध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक अॅसिड, चौथ्यापासून रोज एक लोहाची गोळी, एकूण १८०. बाळंतपणानंतर आणखी १८०. उपकेंद्रात फुकट मिळतात.

मिश्री लावत असाल तर ती सोडा. ती तंबाखूच आहे, दाताला लावली तरी रक्तात जाते आणि बाळ हलकं होतं. भूक मारायला मिश्री आणि तहान मारायला चहा, असे दिवस काढणाऱ्या बाया मी पाहते, तेव्हा फार वाईट वाटतं.

मुकादमाला कधी सांगू? सांगितलं तर काम जाईल.

ही भीती खोटी नाही. उचल घेतलेली असते आणि टोळीत जोडीनं काम धरलेलं असतं. पण बघा, औषधाचा आणि उष्णतेचा सगळ्यांत जास्त धोका पहिल्या आठ-दहा आठवड्यांत असतो, आणि नेमकं तेव्हाच कुणाला माहीत नसतं. कधी कधी तिलाही नसतं. गोडी छाटणीला आलेल्या पोरीला पाळी चुकल्याचं दिवाळीत लक्षात येतं, तोपर्यंत तिनं पेस्ट लावून झालेली असते.

म्हणून मी मुकादमांना आणि मालकांना सांगते की पोटुशी कोण हे शोधू नका. पेस्ट आणि फवारणीचं काम कुठल्याच तरण्या बाईला देऊ नका. मग तिला सांगायची वेळ येईपर्यंत तिचं बाळ सुरक्षित राहतं. बाईला माझं सांगणं वेगळं. पाळी चुकली की आठवड्याच्या आत आशाताईला गाठा, तपासणीची पट्टी तिच्याकडं असते. मुकादमाला नंतर सांगा, हवं तर आशाताईला सोबत घेऊन. “हिला घरी पाठवा” असं न म्हणता “हिला थिनिंगवर ठेवा” असं आशाताईनं म्हटलं की गोष्ट सोपी होते.

आम्ही पेठचे, काम दिंडोरीत. नोंदणी कुठं, तपासणी कुठं, पैसे कुठले?

नोंदणी कुठंही करा, पण बारा आठवड्यांच्या आत. माता-बाल संरक्षण कार्ड कापडाच्या पिशवीत घालून सोबत ठेवा. ते कार्ड दाखवलं की बागेजवळच्या उपकेंद्रात तपासणी, गोळ्या आणि टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) इंजेक्शनं मिळतात, अंगणवाडीतही नाव घालता येतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, त्या दिवशी अर्धा रोज गेला तरी जा. गावाकडं असाल तेव्हा आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं एक वेळचं गरम जेवण असतं.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकदम. ई-श्रम कार्ड किंवा रेशनकार्ड असेल तर पात्रता दाखवणं सोपं जातं. बँक खातं बाईच्याच नावावर आणि आधारला जोडलेलं हवं, बहुतेक अर्ज इथंच अडकतात. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या ग्रामीण बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर ७०० रुपये. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका, वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा.

मी बागेत नाही, पॅकहाउसमध्ये (द्राक्षं निवडून भरायच्या ठिकाणी) आहे.

तिथं कायदा तुमच्या बाजूनं जास्त आहे. १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलं असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तुम्हाला कामावर घेताच येत नाही. हजेरीचे कागद, पगाराच्या नोंदी जपून ठेवा. बसायला स्टूल मागा. मनुक्यांच्या शेडवर गंधकाची धुरी देतात, त्या खोलीपासून लांब राहा.

मी बागायतदार आहे. माझ्याकडून काय अपेक्षा आहे?

संडासाचं कुलूप काढा. तो नसेल तर चार बांबू, शेडनेट आणि पाण्याचा ड्रम एवढ्यानंही आडोसा होतो. पिण्याचं पाणी ओळीच्या टोकाशी ठेवा. फवारणी कोणत्या प्लॉटवर कधी झाली ते शेडच्या भिंतीवर खडूनं लिहा. निर्यातीच्या मालासाठी ही नोंद तुम्ही ठेवताच, तीच मजुरांना दिसू द्या. उक्त्या कामात पोटुशी बाई मागे पडते म्हणून तिला रोजंदारीवर घ्या. पिंपळगावच्या एका शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, “सगळ्या बाया हेच मागतील मग?” मी म्हटलं, मागू द्या, पाणी आणि आडोसा सगळ्यांनाच हवा आहे.

कोणती लक्षणं दिसली की हातातलं काम टाकून निघायचं?

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं. थांबून थांबून पोट कडक होणं. डोकं फार दुखणं, नजर धूसर होणं, तोंड-हात सुजणं, झटका येणं. ताप. धाप. बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी होणं. औषध अंगावर सांडून मळमळ, लाळ, घाम किंवा थरथर सुटणं.

औषध सांडलं असेल तर आधी कपडे काढा, साबणानं अंग धुवा, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका आणि डब्याचं लेबल सोबत न्या. गाडीसाठी १०८, गरोदर मातेसाठी १०२. बागेचा पत्ता सांगताना गट नंबर सांगून उपयोग नाही, जवळचा फाटा, मंदिर किंवा सोसायटीचं गोदाम सांगा आणि एका पोराला रस्त्यावर उभं करा. ग्रामीण रुग्णालयातून नाशिकला जिल्हा रुग्णालयात पाठवलं तर “उद्या जाऊ” म्हणू नका.

कितव्या महिन्यापर्यंत काम करावं?

सातवा संपला की तोडणी, वाकणं, दूरचा प्रवास थांबवा. सावलीत बसून करायचं काम आठवा संपेपर्यंत जमलं तर करा. नववा लागला की दवाखान्याजवळच्या घरी राहा. सुरगाण्याच्या पाड्यावर रात्री गाडी यायला वेळ लागतो, म्हणून तारखेच्या आधीच तालुक्याला नातेवाइकांकडं आलेलं बरं.

बाळंतपणानंतर कामावर कधी?

सहा आठवड्यांच्या आत नाही. सिझेरियन असेल तर तीन महिने वजन नाही. आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येते, तिला टाके दाखवा, बाळाचं वजन करून घ्या. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. म्हणजे बाळ बागेत सोबत येणार किंवा दूध काढून घरी ठेवावं लागणार. स्वच्छ स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढलेलं दूध सावलीत चार तास टिकतं.

बाळ सोबत असेल तर झोळी मांडवाच्या तारेला बांधू नका. तिथं पानांवरचं औषध थेट त्याच्या तोंडावर गळतं. बांधावरच्या आंब्याला किंवा शेडजवळ, ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूला बांधा. पाजायच्या आधी हात धुवा, औषध लागलेला वरचा शर्ट काढा आणि मगच बाळाला घ्या.